तीन साखळ्यांचा खांब

डिसेंबरात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही दिवस बारीक काम बंद करायला सांगितलं. चाळीस नंबरच्या पांढऱ्या दोऱ्याचा क्रोशा म्हणजे तर बारीक कामाचा कळसच. मग शेजारच्या क्वार्टरमधल्या बारावीतल्या मुलीला बोलावलं. तिनं कागद वाचून विणायचं, मी जवळ बसून हात बघायचा. नमुना म्हणून माझा एक जुना रुमाल तिच्यापुढे टाकला होता. तिसऱ्या ओळीला ती अडली, रुमालाची झालर बोटानं बाजूला केली आणि म्हणाली, "आंटी, आपने इन तीन चेन के ऊपर खंभा क्यों नहीं डाला?"

चाळीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

ओळ संपली, काम उलटवलं, तीन साखळ्या घातल्या. या तीन साखळ्या हाच नव्या ओळीचा पहिला खांब, हे सगळ्यांना पाठ असतं. हाताला मात्र पटत नाही. साखळ्या दिसतात साखळ्यांसारख्या, खांबासारख्या नाहीत. म्हणून हात त्यांच्या बुडाशीच आणखी एक खांब घालतो. ओळीच्या शेवटी मागच्या ओळीच्या तीन साखळ्या येतात, त्याही खांबासारख्या दिसत नाहीत, म्हणून हात त्यांना सोडून देतो. सुरुवातीला एक जास्त, शेवटी एक कमी. एकशे एक खांबांची ओळ एकशे एकचीच राहते! मी दर ओळ मोजायची, दर वेळी हिशेब जुळायचा, आणि कड मात्र कुरतडल्यासारखी, मध्ये मध्ये भोकं. मी दोष दोऱ्याला दिला, सुईला दिला, भिलाईच्या उन्हाळ्याला दिला. एक चूक दुसरीला झाकत होती आणि मोजणाऱ्या बाईला आपल्या मोजणीचा गर्व होता.

गंमत म्हणजे तीन साखळ्या खांब म्हणून मोजायच्या, हे वर्मच कागदाच्या डोक्यावर छापलेलं होतं. आमचे हे इथल्या स्टील प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसात. मी नमुना हातात घेतला की म्हणायचे, आधी नोट्स वाच, मग चित्राकडे बघ. मी आधी फोटोच बघायची. मग पहिली ओळ, आणि पुढे सगळं अंदाजानं. लोकांना सांगायची, "मी वाचून विणते."

वाचायला शिकवलं तेही ह्यांनीच. एक रशियन कुटुंब परत गेलं, त्यांच्या रद्दीतून एका मासिकाची विणकामाची पानं आली होती. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली तेव्हापासून प्लांटमध्ये रशियन नकाशे, त्यामुळे ह्यांना अक्षरं लागायची. त्यांनी वाचलं, स्तोल्बिक. म्हणजे छोटा खांब. मी हसतच सुटले. विदर्भातल्या माझ्या आईचा खांब मॉस्कोतही खांबच! आपला मुका खांब त्यांच्याकडे 'वेढ्याशिवायचा खांब', आणि साखळीचा एकेक टाका म्हणजे 'हवेतला फास'. बाकी सगळं खुणांचं चित्र. उभ्या काठीवर आडवी टोपी, पोटात एक तिरकी रेघ, झाला खांब. दोन रेघा दिसल्या तर वेढे दोन. भाषा न येताही ते पान मी विणून काढलं.

खरी फसगत केली इंग्रजीनं. ज्याला ब्रिटिश पुस्तक ट्रेबल म्हणतं, त्याच खांबाला अमेरिकन पुस्तक डबल म्हणतं, आणि ब्रिटिशांचं डबल म्हणजे आपला मुका खांब. मी अँकर दोऱ्याच्या पत्रकांवर, म्हणजे ब्रिटिश बोलीवर वाढलेली. पुण्याच्या नणंदेनं अमेरिकन पुस्तक पाठवलं, त्यातली शाल मी जिथे जिथे डबल दिसलं तिथे मुका खांब घालत पुरी केली. उंची निम्मीसुद्धा भरली नाही, वर पुठ्ठ्यासारखी ताठ. नुसती जमिनीवर उभी केली असती तर राहिली असती. नमुन्यात कुठेही 'सिंगल' शब्द दिसला की तो अमेरिकन, ही खूण मला त्या शालीनंतर कळली.

आमच्या मंडळात एक बाई आहेत, नुसतं बघून विणतात. नरसापूरकडच्या तेलुगू बायकाही तशाच, कागद न बघता लेस सोडत जातात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मंडळातल्या बाईंबद्दल नाही, कारण त्यांच्या कडा सरळ येतात. आणि हल्लीचे व्हिडिओ! थांबवा, मागे घ्या, पुन्हा लावा. शेजारच्या मुलीच्या मैत्रिणी आठवड्यात ससा विणतात आणि कागद समोर धरला की फुलीच्या खुणेपासून कुठवर परत करायचं ते विचारतात. इथल्या सुपेल्याच्या बाजारात मशीनची जाळी क्रोशा म्हणून विकतात तेव्हा मी दुकानदाराशी भांडते. क्रोशा मशीनवर होत नाही. पण त्या जाळीची कडही सरळ असते, हे मी त्याला सांगत नाही.

मुलीनं त्या दिवशी शेवटचा खांब तीन साखळ्यांच्या डोक्यावर घातला. कड पट्टीनं आखल्यासारखी आली. मी "ठीक आहे" म्हटलं. एवढंच म्हटलं.

माझे टेबलक्लॉथ भिलाई, दुर्ग, नागपूरच्या किती घरांत लग्नात गेले, मोजलेले नाहीत. सगळ्यांना चार बोटं रुंद झालर आहे आणि सगळ्यांनी झालरीचंच कौतुक केलं. ज्यांच्याकडे असतील त्यांना एक विनंती, ती झालर उसवू नका.