डिस्प्ले येत नाही, तेव्हा

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात मंगल कार्यालयांच्या तारखा मिळेनाशा होतात आणि माझ्या दुकानात एकाच तक्रारीची कॅबिनेटं यायला लागतात. पंखे फिरतायत, दिवे लागतायत, स्क्रीन मात्र काळी. घेऊन येणारा बहुधा फोटो स्टुडिओवाला असतो. लग्नांचं फोर-के एडिटिंग तुंबलेलं असतं, मशीन हळू चालतं म्हणून त्यानं बायोसमध्ये जाऊन रॅमचा स्पीड वाढवलेला असतो. सेव्ह केलं, मशीन रीस्टार्ट झालं आणि परत वर आलंच नाही. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले तेव्हापासून यात भर पडली आहे. नवी मोठी रॅम परवडत नाही, मग आहे तीच ताणायची, नाहीतर जुन्या मशीनमधली एक स्टिक काढून शेजारच्या स्लॉटमध्ये बसवायची.

अशी मशीन क्वचितच मेलेली असतात. वेग जास्त झाला म्हणून मशीन अडतं, जळत नाही. नुकसान होतं ते नंतरच्या घाईनं: बटन दाबदाबून, चालू मशीनमधून रॅम ओढून, चुकीच्या पिना जोडून.

रॅमचा वेग ठरतो कसा हे कळलं की निम्मी भीती जाते. डीडीआर४ रॅमच्या प्रमाणित वेगांची यादी ३२०० वर थांबते आणि तिचं ठरलेलं व्होल्टेज १.२ आहे. बाजारात मात्र ३६०० छापलेली रॅम सर्रास मिळते. स्टिकवर एक छोटी चिप असते. तिच्यात प्रमाणित वेगही लिहिलेले असतात आणि कंपनीनं तपासलेला वाढीव वेगही. वाढीव वेगाच्या या नोंदीला इंटेलच्या पद्धतीत एक्सएमपी म्हणतात, एएमडीच्या पद्धतीत डीडीआर५साठी एक्स्पो. बायोसमध्ये तो पर्याय चालू केला की डीडीआर४ला साधारण १.३५ व्होल्ट मिळतात आणि ती छापील वेगानं धावते. नाही केला तर ३६००ची रॅम बिचारी २१३३ किंवा २६६६ वर चालत राहते आणि मालकाला वर्षानुवर्षं पत्ता नसतो. त्यामुळे एक्सएमपीच्या वाटेला जाऊच नका, असं मी कधी सांगत नाही. पैसे मोजलेत तर तो वेग मिळायला हवा.

पण छापील वेग ही रॅमच्या कंपनीची हमी असते, तीही तिच्या स्टिकपुरती. रॅमशी बोलणारा कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात असतो. एएमडीनं तो २००३ मध्ये तिथे नेला, इंटेलनं २००८ मध्ये. म्हणजे स्टिक, बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा आणि प्रोसेसर या तिघांना तो वेग झेपावा लागतो. एकाच मॉडेलच्या दोन प्रोसेसरांतही फरक निघतो. एकाकडे ३६०० सुरळीत, दुसऱ्याकडे ३४०० वरच दम लागतो. यात दुकानदारानं फसवलेलं नसतं.

मशीन चालू झाल्यावर स्क्रीनवर काही दिसण्याआधी हा कंट्रोलर प्रत्येक स्टिकशी जुळवून घेतो. सिग्नल कुठल्या क्षणी वाचायचा, किती व्होल्टला एक मानायचं आणि किती व्होल्टला शून्य, हे तो वाचून-लिहून पाहत ठरवतो. मैफल सुरू होण्याआधी तबलजी हातोडीनं घर न् घर ठोकून सूर लावतो, तसंच हे. सूर लागेपर्यंत स्क्रीन काळीच राहणार. डीडीआर५ मध्ये हे काम फार लांबतं. नव्या मशीनवर, बायोस अपडेटनंतर किंवा रॅमची सेटिंग बदलल्यावर पहिल्यांदा काही मिनिटं जाऊ शकतात, रॅम मोठी असेल तर आणखी. एवढ्यात माणूस धीर सोडून बटन दाबतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून फोनवर माझं पहिलं सांगणं एकच असतं: मशीन चालू ठेव, दहा-पंधरा मिनिटं हात लावू नकोस. मशीन आपणहून दोन-तीनदा बंद-चालू झालं तरी होऊ दे. जुळत नाही असं दिसल्यावर बरेच बोर्ड स्वतःच साध्या वेगावर परत येतात.

शेवगावचा एक तरुण स्टुडिओवाला गेल्या हंगामात असंच मशीन घेऊन आला. आल्या आल्या म्हणाला, “भाऊ, बोर्ड उडाला वाटतं. नवा कितीपर्यंत बसेल?”

“आधी बघू तरी. काय काय बदललंस?”

“स्पीड ३६०० केला. व्होल्टेज १.५ टाकलं, व्हिडिओत तसंच होतं.”

कॅबिनेट उघडलं. दोन स्टिक, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, एकीचं स्टिकर ३२०० सांगणारं. पंखे फिरायला लागले आणि बोर्डाच्या कडेच्या चार बारीक दिव्यांपैकी रॅमचा दिवा लागून तसाच राहिला. हल्लीच्या बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, रॅम, ग्राफिक कार्ड आणि बूट असे चार दिवे असतात. ज्यावर मशीन अडतं तो पेटलेला राहतो. ग्राफिक कार्डाचा दिवा असता तर मी आधी केबल पाहिली असती. कार्ड बसवलेलं असताना मॉनिटरची केबल बोर्डाच्या एचडीएमआयला लावलेली सापडणं ही रोजची गोष्ट आहे.

इथून पुढचं काम सावकाश करायचं. मागचा स्विच बंद, वायर काढायची, मग पॉवरचं बटन थोडा वेळ दाबून धरायचं म्हणजे एसएमपीएसमध्ये साठलेली वीज उतरते. आमच्याकडे थंडीत हवा कोरडी असते, अंगात स्वेटर असतो. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची. मग बोर्डावर सीमॉस, म्हणजे बायोसच्या सेटिंगची मेमरी, क्लिअर करायच्या दोन पिना शोधायच्या. त्यांच्या शेजारी बारीक अक्षरात नाव असतं, पण प्रत्येक कंपनीचं वेगळं, म्हणून मॅन्युअल उघडल्याशिवाय त्यांना हात लावू नये. शेजारीच यूएसबीच्या आणि पंख्याच्या पिना असतात. स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्या दोन पिनांवर दहा सेकंद टेकवलं की बायोसच्या सेटिंग मूळ पदावर येतात. १९८४च्या आयबीएम पीसी एटीमध्ये या सेटिंग घड्याळाच्या चिपमधल्या ६४ बाइटच्या मेमरीत राहायच्या आणि बॅटरी ती जपायची. आज बरंचसं फ्लॅश चिपमध्ये जातं, त्यामुळे काही बोर्डांवर नुसता बोर्डावरचा सेल काढून भागत नाही.

शेवगावच्या मशीनवर रॅमचा दिवा तरीही हटेना. मग दोन्ही स्टिक काढून एकच लावली, प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर एकट्या स्टिकची जागा तीच. अनेक जण पहिल्या स्लॉटमध्ये लावतात आणि तिथे सिग्नल तितका स्वच्छ मिळत नाही. सोनेरी कडा कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसली. खोडरबर मी वापरत नाही, त्याचा भुगा स्लॉटमध्ये बसतो आणि मुलामाही घासला जातो. दोन्ही टोकांवर दाब देऊन ‘टक्’ आवाज ऐकला, बटन दाबलं आणि थांबलो. रॅमचा दिवा विझला, कंपनीचा लोगो आला. पोरगा खुर्चीतून उठून उभाच राहिला.

एकेका स्टिकवरही काही आलं नसतं तर कूलर उतरवून सॉकेटच्या पिना भिंगाखाली पाहिल्या असत्या. एखादी वाकलेली पिन किंवा एका बाजूनं जास्त आवळलेला कूलर रॅमचं अख्खं चॅनेल बंद पाडू शकतो.

डिस्प्ले आला की माणूस कुठलंही बटन दाबत सुटतो, आणि तिथेच सावध राहायला हवं. एएमडीच्या बोर्डांवर कधी कधी एफटीपीएमबद्दल, म्हणजे प्रोसेसरमधल्या किल्ल्यांच्या तिजोरीबद्दल, प्रश्न येतो: वाय दाबा किंवा एन दाबा. विंडोजचं बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप, चालू असेल आणि रिकव्हरी की हाताशी नसेल तर वाय दाबायचं नाही. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलेल्या विंडोज ११ मध्ये हे कुलूप मालकाच्या नकळतही लागलेलं असतं. बायोस मूळ पदावर गेल्यानं टीपीएम बंद झाला तरी विंडोज ४८ आकडी की मागतं. ती त्या खात्यात सापडते, पण शोधायची बायोसला हात लावण्याआधी. सेल काढला असेल तर तारीख मागे जाते आणि जीएसटीची साइट उघडत नाही. ग्राफिक कार्ड फार जुनं असेल तर सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीनं बूट करायची सोय, बंद झाल्यामुळे स्क्रीन पुन्हा काळी राहू शकते. या सगळ्याचा रॅमशी संबंध नसतो, पण दोष तिच्यावरच जातो.

व्होल्टेजची गोष्ट वेगळी, तिथे मात्र खरंच जळतं. १.५ हा आकडा डीडीआर३च्या काळातला आहे. तिचं ते नेहमीचं व्होल्टेज होतं. २०२३च्या एप्रिलमध्ये एएमडीचे नवे रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याचं उघड झालं. रॅमसाठी एक्स्पो चालू केल्यावर काही बोर्ड प्रोसेसरमधल्या, मेमरी कंट्रोलर असलेल्या एसओसी भागाला जादा व्होल्टेज देत होते. एएमडीनं नव्या बायोसमधून तिथे १.३ व्होल्टची मर्यादा घातली. कंपन्यांच्या बाबतीत असं होतं, तर कुणाच्या तरी व्हिडिओतला आकडा आपल्या मशीनमध्ये टाकू नये.

मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती वेग वाढवूनही छान सुरू होणाऱ्या मशीनची. अडलेलं मशीन निदान काही बिघडवत तरी नाही. सुरू झालेलं आणि अधूनमधून एखादा बिट चुकवणारं मशीन विंडोजच्या फायली हळूहळू नासवतं. कार्डावरून हार्डडिस्कवर जाणारं फुटेज रॅममधूनच जातं. तिथे बिघडलं की डिस्कवर बिघडलेलं उतरतं आणि बॅकअपही त्याच बिघाडाचा होतो. सप्तपदीचं पुन्हा शूटिंग होत नाही. डीडीआर५च्या चिपमध्ये दुरुस्तीची सोय असते, पण ती चिपच्या आतल्या चुकांपुरती, वाटेत झालेली चूक तिला दिसत नाही.

म्हणून वेग वाढवल्यावर पेनड्राइव्हवरून रॅम तपासणारं मेमटेस्ट रात्रभर चालवायचं. एक जरी लाल ओळ आली तरी वेग खाली. चाचणी डिसेंबरात पास झाली म्हणून मे महिन्यातही होईल असं नाही. रॅमच्या पेशीतला विद्युतभार गळत असतो, साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो, आणि उष्णता वाढली की गळती वाढते. बाहेर चाळीस अंश, दुकानावर पत्रा आणि कॅबिनेटमध्ये शेजारी तापलेलं ग्राफिक कार्ड, अशा दुपारी डिसेंबरचा हिशेब चालत नाही.

शेवगावच्या मशीनमध्ये दोन्ही स्टिक ३२००, १.३५ व्होल्टवर ठेवल्या. रात्रभर मेमटेस्टला एकही चूक आली नाही. ३६०० आणि ३२०० मधला फरक त्याच्या रेंडरला जेमतेम जाणवला असता. त्याचं मशीन खरं हळू चालत होतं ते फुटेज जुन्या हार्डडिस्कवरून थेट उघडल्यामुळे. बोर्डासाठी आणलेल्या पैशातून त्यानं एक एसएसडी घेतली. बायोसच्या पानांचे फोटो त्याच्याच मोबाइलवर काढून दिले, आणि उन्हाळ्यात एकदा भर दुपारी मेमटेस्ट लावायला सांगितलं.