टकटक भिंत

आमच्या हॉलमधली एक भिंत विटांची नाहीच! जिप्सम बोर्डची आहे. बोर्डाची जाडी जेमतेम १२.५ मिलिमीटर, मागे नुसती पोकळी. बाबांना २० किलोचा टीव्ही तिथंच टांगायचा होता, अन् खाली तर आमची छकुली रांगते!

सुतारकाकांनी भिंत वाजवली. ढब् ढब्... ढब् ढब्... टक्! मी फ्रिजवरचं लोहचुंबक आणून तिथं फिरवलं, तर ते चिकटलंच! आत पत्र्याचे उभे खांब असतात, बहुधा दोन-दोन फुटांवर. काकांनी दोन खांबांवर जाड प्लायवूडची आडवी फळी स्क्रूंनी आवळली, फळीला लोंबकळून पाहिलं (आई ओरडलीच!) आणि मग तिच्यावर टीव्हीचं ब्रॅकेट बसवलं.

खांब नेमके डावीकडे सापडले. आजी आता मान वाकडी करून मालिका बघते.