कलागा जुना हवा की चांगला?

कलागा समोर आला की मी आधी आकृत्यांच्या कडा पाहतो. ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या या भरतकामात मखमल किंवा सुती कापड लाकडी चौकटीवर ताणतात, वेगळ्या कापडातून कातरलेले हत्ती, घोडे, राजपुत्र त्यावर शिवतात, आत कापूस भरून उठाव आणतात आणि कडेने जरीची दोरी बारीक टाक्यांनी बसवतात. उरलेली जागा टिकल्या आणि काचमणी भरून काढतात. कापूस जास्त झाला तर घोड्याची मान सुजल्यासारखी दिसते, दोरी सैल पडली तर आकृतीचा बांधाच ढासळतो. कारागिराचा हात असा उघड दिसत असताना कलागाचं मोल त्याच्या वयावरून का ठरवावं?

खरा कलागा मिंडॉन आणि थिबा या ब्रह्मी राजांच्या राजवटीतलाच, असं मानणारे पुष्कळ आहेत. १८८५मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, थिबाची रवानगी पुढे रत्नागिरीला झाली आणि राजाश्रय संपला; १९७०च्या दशकात पर्यटकांमुळे जे पुन्हा बहरलं, ते निव्वळ बाजारी, असा त्यांचा युक्तिवाद. पण कलागा एकट्या दरबाराचा कधी नव्हताच. तो आडपडदा म्हणून टांगला जाई, विहारांना दान दिला जाई, तिरडीवरही घातला जाई. त्यावर जातककथा आणि रामकथेतले प्रसंग असत, आणि तेच प्रसंग रंगमंचावरही चालत. कळसूत्री बाहुल्यांच्या आणि नर्तकांच्या पोशाखांवरही जर-टिकल्यांचं काम होई. राजा गेला तरी ही गिऱ्हाइकं उरली. पर्यटक हे त्यांतलंच नवं गिऱ्हाईक.

प्लॅस्टिकच्या टिकल्यांवरचा आक्षेप मला अर्धाच पटतो. धातूच्या टिकलीची मंद झळाळी त्यांना नाही, हे खरं. पण स्वस्त टिकली नेटकी बसवलेली असू शकते आणि महाग टिकली गबाळी. नवं काम मळवून, झिजवून जुनं म्हणून विकतात, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. ती फसवणूकच, पण ती कशामुळे फोफावते? गिऱ्हाईक जुनेपणाला पैसे मोजतं म्हणून. तेच पैसे टाक्यांच्या सफाईला मिळाले, तर मळ चढवण्याचा उद्योग तोट्यात जाईल आणि चौकटीभोवती बसून शिवणाऱ्यांना काम सावकाश, नीट करणं परवडेल. जुन्या कलागांचं जतन संग्रहालयांनी करावं. आजच्या कारागिरांचं पोट मात्र आजच्या कामावरच भरणार आहे.