हैदराबादच्या पाट्या

दिवाळीच्या सुटीत आम्ही हैदराबादला जाऊन आलो. अब्बा, अम्मी, आम्ही दोघे आणि सहावीतली लेक. नातेवाइकांना 'फिरायला चाललोय' एवढंच सांगितलं होतं. खरं कारण अब्बांचे डोळे होते.

अब्बा 74 वर्षांचे. कोर्टात कारकून होते. फजरच्या नमाजनंतर चहा आणि उर्दू अखबार हा त्यांचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. गेली दोन वर्षे मात्र चालताना त्यांचा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. ताटाशेजारचा पाण्याचा ग्लास हात लागून लवंडायचा. 'वय झालं' म्हणत आम्ही चष्म्याचा नंबर तेवढा बदलून आणत राहिलो. पेपर तर ते नीट वाचत होते. मग डोळ्यांना काय होणार, असा आमचा हिशोब!

नांदेडहून रात्रीची गाडी धरली आणि सकाळी सिकंदराबादला उतरलो. पहिला दिवस दवाखान्यातच गेला. संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू निकामी होते. बहुतेकांना दुखतही नाही, कळतही नाही. नजर आधी कडांनी जाते, मधली बरीच उशिरापर्यंत टिकते. म्हणून माणूस पेपर वाचतो, पण शेजारचा ग्लास त्याला दिसत नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली जपण्यासाठी थेंब रोज, ठरल्या वेळी, जन्मभर घालायचे.

अब्बांनी एकच प्रश्न विचारला, "अखबार कब तक पढ सकूंगा?"

"थेंब चुकवू नका. बरीच वर्षं वाचाल, इन्शाअल्लाह. पण खात्री मी देऊ शकत नाही," डॉक्टर म्हणाले.

त्या रात्री लॉजवर कुणी फारसं बोललं नाही. सकाळी अब्बाच म्हणाले, "रात की गाडी है ना? चलो, चारमिनार देखके आएंगे."

हैदराबाद आमच्या घराला परकं नाही. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. अब्बांच्या लहानपणी घरातली मोठी माणसं हैदराबादचं नाव राजधानी म्हणूनच घ्यायची. 1918 साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात डॉक्टरकीसुद्धा उर्दूतून शिकवली जायची, हे अब्बा आम्हाला नेहमी सांगत आले आहेत.

नया पूल ओलांडून रिक्षा सोडली आणि पत्थरगट्टीच्या कमानींखालून पायी निघालो. दुकानांच्या पाट्या तेलुगू, इंग्रजी आणि उर्दूत. अब्बा लहान मुलासारखे एकेक पाटी मोठ्याने वाचत होते. अत्तरवाला, कापडवाला, घड्याळवाला. एका पाटीपाशी थांबून ते नातीला म्हणाले, "बेटा, ये तुम पढो."

लेक आमच्याकडे बघू लागली. मग हळूच म्हणाली, "मेरेकू नै आता, दादा."

अब्बा काही बोलले नाहीत. तेवढ्यात उजव्या बाजूने एक स्कूटर आली. त्यांना ती दिसलीच नाही. लेकीने त्यांचा हात धरून जोरात मागे ओढलं. स्कूटर त्यांच्या कुर्त्याला घासून निघून गेली. त्यानंतर तिने तो हात दिवसभर सोडला नाही. अब्बा पाट्या वाचत होते आणि ती दोन्ही बाजूंचा रस्ता बघत होती.

1591 सालचा चारमिनार आम्ही खालूनच पाहिला. अब्बांना त्या पायऱ्यांवर न्यायची आमची हिंमत झाली नाही. मक्का मस्जिदीत त्यांनी जोहरची नमाज अदा केली. 1617 साली सुरू झालेलं तिचं बांधकाम 1694 साली पुरं झालं. ज्यांनी सुरुवात केली त्यांच्यापैकी किती जणांनी ती पूर्ण झालेली पाहिली असेल? बाहेर लेक कबुतरांना दाणे टाकत होती. लाड बाजारात अम्मीने घासाघीस करून लाखेच्या बांगड्या घेतल्या. पण आमचं चित्त त्या पाटीपाशीच अडकलं होतं.

आम्ही दोघेही शिक्षक. शाळेत उर्दू शिकवतो, मराठीही शिकवतो. दुसऱ्यांच्या शेकडो मुलांना आम्ही अलिफ-बे गिरवायला शिकवलं. आपल्या लेकीला मात्र इंग्रजी शाळेत घातलं. कुरआन शरीफ ती वाचते, म्हणजे हरफ ओळखते. उर्दू नंतर बघू, असं म्हणता म्हणता सहा वर्षे गेली. इंग्रजी शाळेचा आम्हाला पस्तावा नाही. रोजची पंधरा मिनिटंसुद्धा काढली नाहीत, याचा आहे. उद्या अब्बांची नजर गेली, तर आम्ही शाळेतून येईपर्यंत घरात त्यांना अखबार वाचून दाखवणारं कुणी नाही.

परतीच्या गाडीत रात्री नऊला अब्बांच्या डोळ्यांत पहिल्यांदा थेंब घातले. डोळे मिटून ते पडून राहिले. लेकीने वही काढली आणि विचारलं, "दादा, वो पाटी पे क्या लिखा था?" त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच एकेक हरफ सांगितला, तिने लिहिला. 'टे' आणि 'डे' तिला अडले; अरबीत ते नसतात. शब्द चुकीचाच जुळला. अब्बांनी डोळे उघडून वही नाकाजवळ धरली आणि हसले.

आता घरात नऊ वाजता आधी थेंब, मग उर्दूची पाच ओळी. कधी लेक कंटाळते, कधी अब्बा चिडतात. अखबारातली मोठी मथळ्याची ओळ ती आता अडखळत वाचते. बारीक अक्षर अजून दूर आहे.

वाचक भावा-बहिणींना एकच विनंती. घरातली वडीलधारी माणसं वस्तूंना धडकू लागली, तर नुसता नंबर बदलून थांबू नका. डोळ्यांचा दाब आणि नस तपासून घ्या. काचबिंदू घराण्यात उतरू शकतो, म्हणून चाळिशी ओलांडलेल्या मुलांनीही तपासावं. आम्ही दोघांनी परतल्यावर तपासून घेतलं. सध्या ठीक आहे, अलहम्दुलिल्लाह. दर वर्षी दाखवायला सांगितलं आहे.