घरच्यांची साक्ष

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील आरोग्यविषयक फेरीत दोन मुदती धरल्या होत्या: रुग्णालयात दाखल होण्यासाठी ३६५ दिवस, अन्य आजारांसाठी १५ दिवस. अशा चौकशीत वृद्धांविषयीची उत्तरे पुष्कळदा मुलाकडून किंवा सुनेकडूनच येतात. दाखल झाल्याची आठवण सहसा पक्की असते. डबे पोचवलेले असतात, उसनवारी झालेली असते. (खर्चाइतका स्मरणशक्तीला दुसरा आधार नाही!) फार तर दोन वर्षांपूर्वीचे ऑपरेशन 'गेल्या वर्षी' झाले म्हणून सांगितले जाते.

बाह्यरुग्ण विभागातील फेऱ्यांचे मात्र तसे नाही. कोल्हापुरातील आमची आत्या सकाळची मिस्सा आटोपून परस्पर सीपीआरच्या रांगेत जाऊन उभी राही. मुलाची रजा खर्ची पडू नये, एवढाच हेतू. शेवटच्या दुखण्यात ती बेशुद्ध असताना डॉक्टरांनी विचारले, "आधी कोणत्या गोळ्या चालू होत्या?" "काहीच नाही, आईची प्रकृती ठणठणीत होती," असे आतेभावाने निःशंकपणे सांगितले. तो खोटे बोलत नव्हता. रक्तदाबाच्या नोंदी असलेले केसपेपर पुढे तिच्या प्रार्थनापुस्तकांच्या पिशवीत सापडले.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या 'लासी' या अभ्यासाच्या पहिल्या फेरीत (२०१७-१८) शक्यतो वृद्धांनाच विचारले गेले; ते अशक्य असेल तेथेच घरच्यांना. मला हा क्रम योग्य वाटतो. आत्याला आधी कोणी विचारले असते, तर तिने गोळीचा रंगसुद्धा सांगितला असता.