वाशीच्या गच्चीवरील सूर्ययंत्र

ठाण्याची खाडी ओलांडून वाशीस जाण्याचा योग आम्हांस वरचेवर येतो. कारण आमच्या धाकट्या काकूंचें बिऱ्हाड तेथें चाळीस वर्षें आहे. सिडकोची स्थापना १९७० सालीं झाली, १९७३ मध्यें खाडीवर रस्त्याचा पूल झाला आणि १९९२ मध्यें मानखुर्दकडून आगगाडी येथवर आली. काका-काकू या नव्या गांवीं राहावयास आले तेव्हां आगगाडी नव्हती; पुलावरून बस मिळाली तर मिळाली. काकांनीं त्याच काळीं सिडकोच्या एका तीन-मजली इमारतींत वरच्या मजल्यावर घर घेतलें, आणि घराबरोबर माथ्यावरच्या गच्चीचा शेजारहि त्यांस लाभला.

गेल्या माघांत आम्हीं वाशीस गेलों तें मात्र केवळ भेटीसाठीं नव्हे. इमारत जीर्ण झाली आहे. खाडीची खारट हवा सिमेंटांत शिरून आंतल्या लोखंडास खाते, आणि वाशींतील त्या पिढीच्या कित्येक इमारतींस आतां पुनर्बांधणीवांचून गति नाहीं. घर रिकामें करावयाचें होतें, आणि गच्चीवरील 'त्या लोखंडाचें' काय करावें याविषयीं माय-लेकांचें एकमत होत नव्हतें. म्हणून आम्हांस बोलावणें आलें.

तें लोखंड म्हणजे काय, हें वाचकांस सांगितलें पाहिजे. केबलच्या पहिल्या दिवसांत गच्चीगच्चीवर मोठमोठ्या जाळीदार तबकड्या असत. पुढें त्या निरुपयोगी झाल्या, तेव्हां काकांनीं त्यांतील एक भंगाराच्या भावानें घेतली. जाळी काढून टाकली. त्यांस हवा होता तो खालचा सांगाडा. दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्ताच्या माथ्यावर एका कमानींत उभे असतात. एका उपग्रहावरून दुसऱ्याकडे वळतां यावें म्हणून अशी तबकडी पृथ्वीच्या आंसाशीं जवळजवळ समांतर अशा आंसावर बसविलेली असते, आणि मोटारीनें पुढें-मागें सरकणारा एक दांडा तिला फिरवितो. सूर्यामागून फिरण्यास हाच आंस हवा! वाशीचा अक्षांश सुमारें १९. तितका आंस तिरपा करून त्याचें उत्तरेकडील टोंक ध्रुवाकडे केलें, कीं तासास १५ अंश या एकाच गतीनें सूर्याची पाठ धरतां येते. काकांनीं त्या सांगाड्यावर दोन सोलर पॅनेलें बसविलीं, आणि तोल सांभाळण्यासाठीं मागच्या बाजूस काकूंच्या सासूबाईंच्या जात्याची वरची तळी टांगली.

मोटार केव्हां चालावी, हें ठरविण्यास काकांनीं प्रथम प्रकाशानें चाळविणारे दोन लहान डोळे लाविले होते. मध्यें एक पातळ फळी. एका डोळ्यावर तिची सावली पडली कीं यंत्र वळावयाचें. परंतु ढग आला म्हणजे तें सूर्य सोडून ढगाच्या उजळ कडेमागें धांवे. कंटाळून काकांनीं डोळे काढून घड्याळ लाविलें. सूर्य वेळ चुकवीत नाहीं, मग त्याला शोधावयाचें कशास, असें ते म्हणत.

त्यांची टिपणवही आम्हीं पाहिली. निरभ्र दिवशीं स्थिर पॅनेलापेक्षां पांचव्या हिश्शापासून चौथाईपर्यंत अधिक वीज मिळे. आषाढांत मात्र लाभ जवळजवळ शून्य, कारण तेव्हां उजेड साऱ्या आभाळांतून सारखाच झिरपतो. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य वाशीच्या अगदीं माथ्यावर येतो; त्यांतील दुसऱ्या वेळेपुढें दरसाल एकच शब्द लिहिलेला होता: 'ढग'. पॅनेलें स्वस्त झाल्यावर हिशेब आणखीच उलटला. फिरविण्याचा खटाटोप करण्याऐवजीं आणखी एक पॅनेल ठेवलेलें बरें, असें आमचे चुलतबंधु म्हणतात, आणि त्यांत खोटें कांहींच नाहीं.

काका गेले त्याच पावसाळ्यांत मोटारीचा दांडा गंजून अडकला. यंत्र तेथेंच थांबावयाचें. पण काकूंनीं तें थांबूं दिलें नाहीं. दांडा सोडवून त्यांनीं लोहाराकडून कमानदार पट्टी करून घेतली, तिला चार भोकें पाडविलीं, आणि खिटी एका भोकांतून दुसऱ्यांत सरकविण्याचा परिपाठ सुरू केला. सव्वानवास पहिलें भोंक, अकरास दुसरें, दुपारीं बारा-चाळीसच्या सुमारास तिसरें, सव्वादोननंतर चौथें. बारा वाजतां कां नाहीं, असें आम्हीं विचारलें. काकू म्हणाल्या, "घड्याळांत बारा वाजले म्हणून आपल्याकडे ऊन बारा वाजवीत नाहीं." तें खरेंच आहे, भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आणि वाशी त्र्याहत्तरावर, म्हणून येथील मध्यान्ह सरासरीनें अडतीस मिनिटें मागून येतो.

आम्हीं कागदावर हिशेब केला. चार वेळां फिरविलें तर त्या पावणेसात तासांत दिशा सुमारें तेरा अंशांहून अधिक चुकत नाहीं, आणि त्यानें सरळ उन्हापैकीं फार तर अडीच टक्के गमावले जातात. म्हणजे काकांच्या मोटारीचें आणि घड्याळाचें बहुतेक सारें काम काकूंचा हात करीत होता!

याच मुंबईंत १८७८ च्या सुमारास विल्यम अ‍ॅडम्स नांवाच्या, उच्च न्यायालयांतील एका इंग्रज अधिकाऱ्यानें कुलाब्यास लहान लहान सपाट आरसे एका चौकटीवर मांडून त्यांचें ऊन बाष्पपात्रावर पाडलें, आणि अडीच अश्वशक्तीचें वाफेचें एंजिन चालविलें. ती चौकट अर्धवर्तुळाकार मार्गावरून एक मजूर ढकली, आणि दिवसांतून तीन-चार वेळां ढकलली कीं भागे. ही हकीकत आम्हीं काकूंस सांगितली. त्यांस तिचें मुळींच नवल वाटलें नाहीं. "वाळवण कसें करतात रे? सावली सरकली कीं पाट सरकवायचा. मी तेंच करतें," एवढेंच त्या म्हणाल्या.

रात्रीं जेवणें झाल्यावर विषय निघाला. चुलतबंधु म्हणाले, "आई, भाड्याच्या जागेची गच्ची कुलुपांत असते आणि खिडक्या उत्तरेला. भंगारवाल्याला देऊन टाकूं." काकू बऱ्याच वेळानें म्हणाल्या, "द्या. पण त्यांच्या खोलींतलें कपाट दिलें तेव्हां मला कांहीं वाटलें नव्हतें. ह्याला मी रोज चार वेळां हात लावतें." त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. चुलतबंधूंचा चेहरा आम्हांस दिसला. तो काकांसारखाच दिसत होता.

तो सांगाडा आम्हीं पुण्यास आणला. येथील अक्षांश वाशीहून अर्धा अंश कमी. तिरपेपणा बदलण्याचें मळसूत्र इतकें गंजलें आहे कीं तें अर्धा अंशहि हललें नाहीं, आणि तेवढ्याकरितां हलविण्याचें कारणहि नाहीं. मध्यान्ह वाशीपेक्षां सुमारें तीन मिनिटें आधीं होतो. जात्याची तळी पूर्वीच्याच जागीं टांगली आहे. त्यापासून मिळणारी वीज दोन दिवे आणि एक पंखा यांना पुरते. तिच्या मोलाचा हिशेब आम्हीं मांडलेला नाहीं.

काकू आतां भाड्याच्या जागेंत आहेत. नवी इमारत उभी राहीपर्यंत त्यांना गच्ची नाहीं. परंतु रोज दुपारीं जेवावयास बसतांना आमचा फोन वाजतो. कुशल विचारणें मागाहून, प्रथम एकच प्रश्न येतो: "तिसऱ्या भोकांत घातलीस का रे खिटी?"

आणि आम्हीं, हात तसाच ठेवून, जिना चढूं लागतों.