पवनारची हवा

हवापालट म्हणजे महाबळेश्वर, हे आपले मध्यमवर्गीयांचे ठरलेले समीकरण. आम्ही उभयतांनी मात्र दोन दिवस वर्ध्याजवळच्या पवनारला काढले. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे वा. वि. मिराशींचे मत.

१९३८ साली प्रकृती ढासळलेल्या विनोबांना गांधीजींनी थंड हवेच्या ठिकाणी जाण्यास सुचविले. विनोबांनी पसंत केला इथला, धाम नदीकाठचा जमनालाल बजाजांचा बंगला! आणि विश्रांती कसली? रोज शेत खणणे. त्या खणण्यातच जुन्या मूर्ती निघाल्या. भरत-राम भेटीचे शिल्प त्यांतलेच. ते मी डोळे भरून पाहिले.

आश्रमात जेवण साधे, ताट ज्याचे त्याने घासायचे. मला घासताना सौभाग्यवतींनी नीट पाहून घेतले, आणि दिवाळीची भांडी कोणाच्या वाट्याला येणार, हे धामेकाठीच ठरले.